नर्मदेकाठी सापडलेली दाढ: हत्तीची की स्टेगोडॉनची?

नरसिंहपूर-नर्मदापुरमच्या पट्ट्यात नर्मदेच्या दरडीतून प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळातली प्रचंड हाडं बाहेर पडतात. पायाचं हाड हत्तीचं की स्टेगोडॉनचं (हत्तीचा नामशेष झालेला नातेवाईक), हे नुसत्या नजरेनं ठरवणं अवघड. दाढ मिळाली, तर मात्र निकाल बराच सोपा होतो.

स्टेगोडॉनची दाढ बुटकी. कडेनं पाहिली की कौलारू छपरांची रांगच दिसते: उतरत्या धारा, मधे खोल दऱ्या. नावाचा अर्थही ‘छपरासारखे दात’ असाच. (याच्या एका जातीचं नाव ‘गणेसा’ आहे, गणपतीवरून, मला ते फार आवडतं.) ही दाढ कोवळा पाला चावायला चांगली.

पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस हा नर्मदेचं नाव लावणारा हत्ती. त्याची दाढ उंच, पातळ पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या, मधल्या फटी सिमेंटनं (दाताच्याच एका हाडासारख्या थरानं) भरलेल्या. वरचा भाग टाकी लावलेल्या पाट्यासारखा सपाट, त्यावर एनॅमलची लांबट वेटोळी. रेताड गवत रगडून दाढ झिजली, तरी उंचीमुळे दीर्घकाळ पुरते.

म्हणून आधी दऱ्या पाहा, नंतर उंची. दाढ उपटू मात्र नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा टिपा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. दाढ मातीच्या कोणत्या थरात होती हेच हरवलं, की वय ठरवणं फार कठीण.