बोर्दो ते सेत : कालव्याकाठचा सायकलमार्ग, कोकणातल्या सायकलस्वारांसाठी

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून मोटारींना मज्जाव असलेले सायकलमार्ग भरपूर आहेत. कोकणातून पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यातला एकच निवडायचा असेल, तर बोर्दो ते सेत निवडावा. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. सुरुवात बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतून, शेवट भूमध्य समुद्रावर आणि मधला बहुतेक मार्ग कालव्याच्या काठाने. मागून हॉर्न नाही, डंपर नाही. पण माहितीपत्रकांत हा मार्ग जसा एकजिनसी दाखवतात, तसा तो अजिबात नाही. तुलूझपर्यंतचा भाग कुठल्याही धड सायकलवर होतो. तुलूझनंतर पन्नासेक किलोमीटरवर टायरपासून वेगापर्यंत सगळं बदलावं लागतं.

सुरुवात आगगाडीच्या जुन्या मार्गावरून होते. बोर्दोजवळच्या लात्रेनहून सोव्हतेर-द-ग्विएनपर्यंतचे रूळ काढून तिथे डांबरी सायकलवाट केली आहे. १९३७ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या रोजे लापेबीचं नाव तिला दिलंय. चढ इतका सौम्य का, हे कोकणात वेगळं सांगायला नको. कोकण रेल्वेसुद्धा १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ घेत नाही, कारण आगगाडीला तो झेपत नाही. जुनी स्टेशनं वाटेत आहेत, ला सोव्हजवळ एक बोगदाही आहे. सोव्हतेरनंतर ला रेओलपर्यंत गावरस्ते लागतात. तिथे मोटारी असतात, पण मोजक्याच.

पुढे गारोन कालवा. कास्तेत-आं-दोर्तपासून तुलूझपर्यंत १९३ किलोमीटर, त्यावर ५३ लॉक. लॉक म्हणजे नाव वर-खाली करण्यासाठी दारं लावलेला हौद. सायकलस्वाराला चढ काय तो तिथेच, आणि तोही दोन-तीन मीटरचा. बाकी वाट सपाट, डांबरी, सावलीची. आजँला कालवा २३ कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो आणि सायकलवाट त्याच पुलावरून कडेने जाते. खाली नदी, शेजारी पाणी, पाण्यात नावा. तिथे थांबाच. ल मास-द-आजनेच्या चर्चमध्ये रेम्ब्रांटचं १६३१चं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे. एवढ्याशा गावात ते आहे यावर विश्वास बसत नाही, म्हणून बहुतेक जण न थांबताच पुढे निघून जातात. म्वासाकचा मठही चुकवू नका.

आता मुख्य गोष्ट. कोकणातला माणूस इथे पायांनी थकत नाही, बसून थकतो. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलं की चढून सड्यावर जायचं, मालगुंडला पुन्हा खाली यायचं, आरे-वारेला परत तेच. आपल्या सागरी महामार्गावर शरीर सतत जागा बदलत असतं. चढावर उभं राहून पेडल मारतो, उतारावर पेडल थांबतं, बूड सॅडलवरून उचललं जातं. कालव्याकाठी यातलं काहीच होत नाही. सहा तास एकाच लयीत, एकाच जागी बसून पेडल मारायचं असतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या येतात आणि सॅडलखाली कातडी सोलवटते. घाट मारून केलेली तयारी इथे फारशी कामाला येत नाही. देवबागच्या सपाट रस्त्यावर किंवा घरच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) दोन-दोन तास न उठता बसायची सवय आधी करा. सॅडल नवं घेऊ नका, मुरलेलंच न्या. हँडलबार सॅडलच्या उंचीला किंवा किंचित वर ठेवा, बार-एंड (हँडलच्या टोकांना लावायच्या मुठी) लावा म्हणजे हात धरायला दुसरी जागा मिळते. आणि दर वीस मिनिटांनी मुद्दाम उभं राहून दहा-पंधरा पेडल मारा. उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून केला तरच लागू पडतो.

तुलूझ शहरात कालव्याच्या दोन्ही बाजूंना भर रहदारीचे रस्ते आहेत. सायकलवाट वेगळी आहे, पण कटकटीची. पों-झ्युमो इथे गारोन कालवा संपून मिदी कालवा सुरू होतो. पियेर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात बांधवून घेतलेला २४० किलोमीटरचा हा कालवा १९९६पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पहिले पन्नासेक किलोमीटर, पोर-लोरागेपर्यंत, डांबर उत्तम आहे. पुढे नोरूझ हा १८९ मीटरवरचा सर्वांत उंच बिंदू. त्यापलीकडे ओद जिल्ह्यात काही तुकडे अलीकडे चांगले केलेत, पण मध्येच वाट हातभर रुंदीची होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत आणि मध्ये प्लेन (चिनारच्या जातीच्या) वृक्षांची वर आलेली मुळं.

कार्कासोन ते ल सोमाय हा टप्पा सायकलची परीक्षा घेतो. मुळांवरून सतत हादरे बसतात आणि सगळ्यात आधी कॅरियरचे एम-५ (५ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट सैल होतात. निघण्यापूर्वी त्यांना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, चार बोल्ट जास्तीचे ठेवा आणि रोज सकाळी चावी फिरवून बघा. एक बोल्ट पडला की कॅरियर तिरका होऊन पॅनियर (कॅरियरला लटकवलेली पिशवी) स्पोकमध्ये जातो. पुढच्या चाकाला खाली लटकणारे पॅनियर मुळांना घासतात, तेव्हा जड सामान मागेच बरं. टायर ३८ ते ४२ मिलिमीटरचे हवेत. सामानासह ४० मिलिमीटरला मागे ५० आणि पुढे ४० पीएसआय पुरे. इथे घट्ट हवा भरली तर वेग वाढत नाही, मनगटं तेवढी दुखतात. पाऊस झाला तर या वाटेवर जाऊच नका. चिकणमाती मडगार्डमध्ये भरते आणि चाक अडकून थांबतं. अशा वेळी त्रेब, मार्सेयेत, होम्पमधून समांतर जाणारे छोटे रस्ते धरावेत. घसरून कालव्यात पडण्यापेक्षा थोड्या मोटारी परवडल्या.

सावलीचाही भरवसा धरू नका. २००६पासून या प्लेन वृक्षांवर बुरशीचा रोग आहे. त्यावर औषध नाही, म्हणून हजारो झाडं तोडावी लागली. जागी दुसरी झाडं लावलीत, पण ती अजून लहान आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये हे पट्टे तापतात आणि कॅम्पिंगही भरलेली असतात. जाण्याचा काळ म्हणजे मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर. आंब्याचा हंगाम आटोपलेले बागायतदार आणि पावसाळ्यात होमस्टे बंद ठेवणारे यांच्यासाठी जून सोयीचाच. तेव्हा तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. दिशा बोर्दोकडून सेतकडेच ठेवा. कार्कासोनच्या परिसरात सेर्स नावाचा वारा पश्चिमेकडून वाहतो, तो पाठीशी राहतो. समोरून ओतां वारा सुटला तर मात्र त्या दिवशी अंतर कमी धरा, झगडू नका.

खाण्याचं गणित आपल्याहून वेगळं आहे. खेड्यातली खानावळ दुपारी बारा ते दोन उघडी. अडीचला पोचलात तर उपाशी. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच पाव, चीज, फळं भरून ठेवा. कास्तेलनोदारीचं प्रसिद्ध कासूले पांढऱ्या घेवड्याचं असलं, तरी त्यात बदक आणि डुक्कर असतं, शाकाहारी माणसाने नुसत्या दाण्यांवर विसंबू नये. पाणी गावाच्या कबरस्तानातल्या नळावर बहुतेक मिळतं. फक्त ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी नाही ना, ते पाहा. स्टोव्ह नेणार असाल तर एक अडचण लक्षात घ्या: विमानात गॅसचा डबा चालत नाही आणि खेड्यातल्या दुकानांत स्क्रूसारखा फिरवून बसवायचा गॅसचा डबा हमखास मिळेल असं नाही. तो बोर्दोतच घ्या.

सायकल इथून नेणाऱ्यांनी महिनाभर आधी एक काम करावं, पेडल काढून पाहावेत. खाऱ्या हवेत कोकणातल्या सायकलींचे पेडल आणि सीटपोस्ट धरून बसतात आणि ते कळतं खोक्यात भरायच्या रात्री. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतो. निघत नसेल तर गंजावरचं तेल मारून रात्रभर ठेवा, लांब दांड्याचा १५ नंबर पाना वापरा, मग ग्रीस लावून परत बसवा. नाहीतर बोर्दोत भाड्याने घ्या. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत देण्याची सोय तिथे मिळते, फक्त टायरची रुंदी विचारून घ्या. घंटी आणि पुढचे-मागचे दिवे कायद्याने बंधनकारक आहेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि राहण्याच्या जागांचे पुरावे लागतात. कॅम्पिंगच्या भरवशावर जाणाऱ्यांनीही मोठ्या शहरांतलं बुकिंग आधी करावं.

बेझियेच्या अलीकडे मालपासची टेकडी आहे. कालवा तिच्या पोटातून जातो, सायकलवाट वरून. तिथून जवळच्या एन्सेरूनच्या उंचवट्यावर चढून मोंतादीचं शिवार जरूर बघावं. १३व्या शतकात तिथली पाणथळ जागा कोरडी केली. मधल्या बिंदूपासून चर खणून शेताचे त्रिकोणी तुकडे पाडले आणि पाणी याच टेकडीखालच्या भुयारातून बाहेर काढलं. खाजणाला बांध घालून शेती करणाऱ्या आपल्या लोकांना त्या आखणीचं मोल लगेच कळेल. त्यापुढे फोन्सेरानच्या लॉकच्या पायऱ्यांशेजारचा उतार तीव्र आहे, तिथे ब्रेक आधीपासून धरा.

मार्सेयाँनंतर समुद्र आणि ‘तो’ (Thau) नावाचं सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर सायकलवाट आहे. शेवटचे डझनभर किलोमीटर, सपाट आणि वाऱ्याचे. या सरोवरात कालवं (ऑयस्टर) दोरांना लटकवून वाढवतात. आपल्याकडे ती खडकावरून कोयतीने फोडून काढावी लागतात, इथे ती ताटात लिंबू पिळून कच्चीच येतात. मीठ वरून घालायची गरज नाही, पाणीच पुरेसं खारट आहे. परतीला सेतहून नार्बोनमार्गे तुलूझला प्रादेशिक गाडी पकडा. तिच्यात सायकल न खोलता चढवता येते, पण जागा थोड्याच असतात. शनिवार-रविवार टाळून आठवड्यातली सकाळची गाडी धरलीत तर अडचण येत नाही.