गुणांची यादी की शेजारचा पट्टा? संवर्धनाचा पैसा कामी येतो का, हे ठरवण्याच्या दोन रीती

एका छोट्या निधीच्या निवड समितीवर मी सहा वर्षं होतो. जंगल, गवताळ माळ, पाणथळ जागा, एखाद्या दुर्मीळ जातीचं पुनर्वसन अशा कामांचे प्रस्ताव यायचे आणि त्यांतल्या कुठल्याला पैसे द्यायचे हे आम्ही ठरवायचो. पहिली तीन वर्षं आम्ही गुण देऊन क्रमवारी लावली. पुढची तीन वर्षं ‘हे काम झालंच नसतं तर काय झालं असतं’ हा एकच प्रश्न धरून निवड केली. आता हीच निवड ज्यांच्यापुढे आहे अशा दोघातिघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

तिसरीही एक रीत आहे: निसर्गाची पैशांत किंमत काढायची आणि ती खर्चाशी ताडून पाहायची. १९९७ साली रॉबर्ट कॉन्स्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या परिसंस्थांच्या १७ सेवांची वर्षाची किंमत सरासरी ३३ लाख कोटी डॉलर धरली होती. त्या आकड्याने अर्थखात्यातल्या माणसांचं लक्ष या विषयाकडे वळलं, हे मोठंच काम झालं. पण समोर दोन प्रस्ताव असताना ही रीत हाताशी येत नाही. पाणी, परागीभवन, लाकूड यांना भाव लावता येतो. एका ओढ्याकाठी राहणाऱ्या, कुणाच्याच व्यवहारात न येणाऱ्या बेडकाला लावता येत नाही, आणि आपण समितीवर बसतो ते बहुतेकदा त्या बेडकासाठीच. म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

क्रमवारीचं सूत्र ओळखीचं असेल. लाभ गुणिले यशाची शक्यता, भागिले खर्च. मार्टिन वाइट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये याची पक्की मांडणी केली: ती जात इतरांपासून किती वेगळी, माणसाला किती मोलाची, आणि अमुक इतक्या पैशांत तिची तगण्याची शक्यता किती वाढते. पुढे २००९ मध्ये लियाना जोसेफ, रिचर्ड मलोनी आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी न्यूझीलंडच्या ३२ संकटग्रस्त जातींवर असंच सूत्र लावून पाहिलं. नुसता धोका पाहून क्रम लावण्यापेक्षा खर्च आणि यशाची शक्यता धरून लावला, तर तेवढ्याच पैशांत जास्त जाती हाताळता येतात, असं त्यातून दिसलं. न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याने आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने ही रीत कामात घेतली.

तिचे गुण मी मनापासून मानतो. आमच्याकडे सूत्र येण्याआधी ज्याचा फोटो देखणा, ज्याची मांडणी ओघवती, त्याचा प्रस्ताव पुढे जायचा. सूत्राने प्रत्येकाला खर्च लिहायला लावला. कोळी, शेवाळं, गोगलगाय यांनाही पिसाऱ्याच्या पक्ष्याशेजारी रांगेत जागा मिळाली. चाळीस प्रस्तावांचा गठ्ठा एका दुपारी उरकायचा, तर याहून बरी सोय मला माहीत नाही.

मग बिनसलं कुठे? एका रकान्यात.

दुसऱ्या वर्षीची बैठक. भिंतीवर एक्सेलचा तक्ता लावलेला, पैसे पाच प्रकल्पांपुरते, आणि पाणथळीचा एक चांगला प्रस्ताव नवव्या क्रमांकावर. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘‘यांचं काम मी पाहिलं आहे. यशाची शक्यता ०.६ कमी वाटते, ०.८ तरी हवी.’’ कुणाचीच हरकत नव्हती. त्या एका घरात सहाच्या जागी आठ टाकले, तक्ता पुन्हा लावला, आणि नववा प्रस्ताव तिसरा झाला. वर असलेला एक प्रकल्प सहाव्यावर घसरून बाहेर गेला. त्याबद्दल कुणी एक वाक्यही बोललं नव्हतं.

यात खोटेपणा कुणाचाच नव्हता. ज्येष्ठांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्यांचं वाटणं अनुभवातूनच आलेलं होतं. खटकलं ते पुढे. दोन वर्षांनी मी ती फाइल काढून बसलो आणि स्वतःला विचारलं, तो ०.८ बरोबर होता का? उत्तर काढायला जागाच नव्हती. ‘यश’ म्हणजे नेमकं काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पाणथळीत पक्षी आले होते, पण ते कामामुळे आले की त्या वर्षी पाऊस भरपूर झाला म्हणून, हे सांगणारं कागदावर काही नव्हतं. लाभाचा आकडा अंदाजाने, शक्यतेचा आकडा अंदाजाने, दोन्हींचा गुणाकार मात्र दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत. आणि पुढच्या वर्षी आलेले जवळजवळ सगळे प्रस्ताव स्वतःच ०.८ किंवा त्याहून वर लिहून आले. आकडा कशाने हलतो, हे बाहेर कळलं होतं.

माझ्यापुरता निर्णय त्या रकान्याने केला. न्यूझीलंडसारख्या ठिकाणी हे आकडे अनुभवी माणसं ठराविक पद्धतीने, पुन्हापुन्हा तपासून भरतात. तिथे माझी तक्रार तितकी लागू नसेल. पण सात माणसांच्या समितीत, दुपारच्या चहानंतर, तो रकाना सगळ्या तक्त्याला ओढत नेतो.

आता दुसरी रीत. तिचं तत्त्व एवढंच: जिथे काम केलं तिथे काय झालं, हे एकट्याने पाहायचं नाही. तसाच, पण काम न झालेला पट्टा शेजारी ठेवायचा आणि दोन्हींतला फरक हाच लाभ मानायचा. खर्चाला भागायचं ते या फरकाने.

हे ऐकायला साधं वाटतं, पण यामुळे जमाखर्च किती बदलतो याचं उत्तम उदाहरण कोस्टारिकाचं आहे. तिथल्या संरक्षित जंगलांचा क्वॉ अँडम, पॉल फेरारो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अभ्यास केला. संरक्षित जंगल आणि बाहेरचं कुठलंही जंगल अशी तुलना न करता उतार, जमिनीचा कस, रस्त्यापासूनचं अंतर या बाबतींत जुळणारी जंगलं त्यांनी जोडीला घेतली. निघालं असं की संरक्षण नसतं तर त्यांतलं सुमारे १० टक्के जंगल तुटलं असतं. संरक्षणाने जंगल वाचलं, हे खरंच. पण नेहमीच्या ढोबळ तुलनेने हाच फायदा ६५ टक्क्यांहून जास्त फुगून दिसत होता. कारण समजायला सोपं आहे. जगात बहुतेक देशांत संरक्षित क्षेत्रं उंचावर, चढावर, रस्त्यांपासून लांब जास्त आहेत. तिथे कुऱ्हाड तशीही उशिराच पोहोचणार होती. अशी जमीन हेक्टरमागे स्वस्त पडते आणि गुणांच्या यादीत छान वर येते. पण जे तुटणारच नव्हतं ते वाचवायला दिलेला पैसा, कितीही कमी असला, तरी महागच.

दुसरं उदाहरण युगांडाचं, आणि ते मला जास्त आवडतं, कारण तिथे तुलना आधीच ठरवून केली होती. सीमा जयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १२१ गावं घेतली. सोडत काढून त्यांतल्या ६० गावांत जंगलाच्या मालकांना झाडं न तोडण्याबद्दल हेक्टरी वर्षाला ७०,००० युगांडन शिलिंग देऊ केले. बाकीच्या गावांत काहीच नाही. दोन वर्षांनी पैसे न दिलेल्या गावांत झाडोरा ९.१ टक्क्यांनी घटला होता, दिलेल्या गावांत ४.२ टक्क्यांनी. इथे जरा थांबून पाहा. शेजारची गावं मोजलीच नसती, तर अहवालात आलं असतं की पैसे देऊनही जंगल ४.२ टक्के घटलं, योजना फसली. शेजारच्या गावांमुळे कळलं की घट निम्म्याहून खाली आली. तोड बाजूच्या जमिनीवर सरकली का, हेही त्यांनी तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही. मग लांबणीवर पडलेल्या कार्बन उत्सर्जनाची किंमत काढली, तर ती योजनेच्या खर्चाच्या २.४ पट निघाली. भागाकार इथेही झालाच, पण मोजणी झाल्यावर.

आमच्या इथला अनुभव याच्या उलट बाजूचा. ढोलीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी झाडांना लाकडी पेट्या बसवायचा एक प्रकल्प होता. पहिल्या हंगामातच निम्म्याहून जास्त पेट्या भरल्या. पेटीत डोकावून काढलेले पिलांचे फोटो आले, सगळे हरखले, मीही. तोवर आम्ही तुलनेची अट घातलेली होती, त्यामुळे दोन किलोमीटरवर तसल्याच जंगलाच्या, पेट्या नसलेल्या पट्ट्यातही त्याच माणसांनी, त्याच पहाटे, तेवढीच पावलं चालून पक्षी मोजले होते. दोन हंगामांनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पक्षी दोन्हीकडे जवळजवळ सारखेच वाढले होते. जुनी, पोकळ झाडं त्या जंगलात मुळातच पुष्कळ होती. पक्षी ढोलीतून पेटीत राहायला आले होते, एवढंच. ढोल्यांची खरी टंचाई असती, तर याच पेट्यांनी मोठं काम केलं असतं.

प्रकल्प चालवणारी माणसं हिरमुसली. पण पुढच्या हंगामात त्यांनी स्वतःच पेट्या तिथून काढल्या आणि वीस वर्षांपूर्वी लावलेल्या, एकही ढोली नसलेल्या रोपवनात नेऊन बसवल्या. गुणांच्या यादीतला कुठलाही आकडा त्यांना तिकडे घेऊन गेला नसता असं मला वाटतं.

या रीतीच्या अडचणी लपवणार नाही. पहिली पैशांची. दुसऱ्या पट्ट्यात फिरणाऱ्या माणसांना मजुरी लागते. आमच्याकडे प्रकल्पाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा खर्च त्यात जायचा. ‘तेवढ्यात अजून शंभर रोपं लागली असती’ हे वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं. दुसरी वेळेची. दोन हंगामांआधी बोलण्यासारखं काही हाती येत नाही, आणि देणगीदाराला वर्षाच्या शेवटी अहवाल हवा असतो.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. कधीकधी शेजारचा पट्टाच नसतो. दक्षिण महासागरातल्या मॅक्वारी बेटावरच्या रानमांजरांचा २००० सालापर्यंत पूर्ण नायनाट केला, समुद्रपक्षी वाचावेत म्हणून. त्यानंतर सशांची संख्या भयंकर वाढली आणि त्यांनी डोंगरउतारांवरची वनस्पती खरवडून काढली. मांजरं गेल्यामुळे ससे वाढले, की सशांवर सोडलेल्या विषाणूचा जोर ओसरल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. तो निर्विवाद मिटायला दुसरं मॅक्वारी बेट लागलं असतं. शेवटी ससे, उंदीर, घुशी सगळं एकत्र काढायची सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची मोहीम घ्यावी लागली आणि २०१४ मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं. पहिल्या मोहिमेचा खर्च त्या वेळी किफायतशीर वाटला असेल. नंतरचा खर्च तिच्या खात्यावर किती टाकायचा, हे माझी आवडती रीतही सांगू शकत नाही.

याउलट, काही ठिकाणी पट्टा आखायची गरजच नसते. न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरच्या काळ्या रॉबिनचे १९८० मध्ये फक्त पाच पक्षी उरले होते आणि अंडी घालून पिलं वाढवणारी मादी एकच. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवून उबवून घेतली. आज दोनशेच्या वर पक्षी आहेत, सगळे तिचेच वंशज. तिथे काम झालं नसतं तर काय झालं असतं, हे कुणालाही कळतं. असा प्रस्ताव समोर आला, तर तुलनेचा आग्रह धरून त्यांचा हंगाम वाया घालवू नका.

तर निवड कशी करावी? प्रस्ताव तीसच्या वर असतील आणि बैठक एकच असेल, तर पहिली चाळणी सूत्राने लावायला हरकत नाही. फक्त यशाच्या शक्यतेचा रकाना प्रस्ताव देणाऱ्याला भरू देऊ नका, आणि समितीतही प्रत्येकाने तो वेगळ्या कागदावर, एकमेकांचं न पाहता भरावा. आकड्यांत फार तफावत आली तर सरासरी काढू नका. तफावत का आली ते विचारा. आमच्या शेवटच्या वर्षी सूत्रातलं आम्ही एवढंच उरवलं होतं. खर्चाच्या रकान्यात पगारी माणसांचा वेळ आणि जमीन सोडणाऱ्याचं बुडालेलं उत्पन्न धरलं आहे का, तेही बघा, बहुधा नसतं.

प्रस्ताव दहा-बारा असतील, किंवा त्याच माणसांना तुम्ही वर्षानुवर्षं पैसे देणार असाल, तर मी शेजारच्या पट्ट्याकडेच झुकेन. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. पण सूत्राने केलेली चूक आम्हाला कधी सापडली नाही, आणि पेट्यांची चूक दोन हंगामांत सापडून दुरुस्तही झाली.

सोयीचं एक सांगतो. शक्य असेल तिथे काम कुठे करायचं आणि कुठलं क्षेत्र तसंच ठेवायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर संस्था साहजिकच चांगला पट्टा कामाला घेते आणि उजाड पट्टा तुलनेला ठेवते. आणि दोन्ही पट्ट्यांची सुरुवातीची गणती पहिला हप्ता देण्याआधी मागून घ्या. हप्ता गेला की दुसऱ्याच दिवशी कुदळी चालू होतात, आणि मग ती गणती कुणालाच करता येत नाही.