उंच उडीचे स्पाइक्स: टाचेखालच्या चार खिळ्यांसाठी पैसे मोजावेत का?

उंच उडीचे खास स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घ्यायचे की शंभर-दोनशे मीटरचेच चालवायचे, याचा निकाल धावेच्या शेवटच्या पावलावर लागतो. स्प्रिंटचा बूट चवड्यावर पळण्यासाठी बनवलेला असतो. त्याची पुढची प्लेट कडक आणि वर वळलेली असते, टाच मात्र गुळगुळीत. उंच उडीत धाव साधारण आठ ते बारा पावलांची असते आणि त्यातली शेवटची चार-पाच पावलं वळणावर पडतात. उडीचा पाय टाचेकडून टेकतो, लगेच सगळा तळवा जमिनीला लागतो आणि त्या वेळी अंग वळणाच्या आत झुकलेलं असतं. भार असा तिरका आला की गुळगुळीत टाच बारच्या, म्हणजे ओलांडायच्या दांडीच्या, दिशेने सटकते. एकदा सटकली की पुढच्या प्रत्येक उडीत मुलगी वळणावर वेग चोरते, आणि आपण उगाच तिच्या हिमतीला दोष देत बसतो.

म्हणून या बुटात चवड्याखाली सात आणि टाचेखाली चार खिळे अशी रचना बहुधा मिळते. नियमाने एका बुटाला जास्तीत जास्त अकराच खिळे चालतात. सिंथेटिक ट्रॅकवर इतर प्रकारांना खिळा ९ मिमीपर्यंतच लावता येतो, पण उंच उडी आणि भालाफेकीला १२ मिमीची मुभा आहे. तरीही कोरड्या, बऱ्या ट्रॅकवर ९ मिमी पुरतात. १२चे खिळे लावले की पाय रुतून बसतो आणि घोटा वळायचा थांबतो. पावसाळ्यात ट्रॅक ओला असेल, तर आधी उडीच्या जागेचं पाणी टॉवेलने टिपा, मग खिळे बदलायचा विचार करा. काही स्टेडियम स्वतःची मर्यादा लावतात, तेव्हा ६ मिमीचा एक संच पिशवीत असू द्या.

तळव्याच्या जाडीची कमाल मर्यादा २० मिमी आहे. १९५७ साली सोव्हिएत उंचउडीपटू युरी स्तेपानोव्हने जाड तळव्याच्या बुटात २.१६ मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम केला, त्यानंतर या जाडीला लगाम बसला.

माप घेताना घोळ होतो. बरीच मॉडेल्स स्त्री-पुरुष दोघांसाठी एकाच मापात येतात आणि अमेरिकन मापात महिलांचा नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीडने मोठा असतो. म्हणून सेंटिमीटरमधली लांबी बघूनच मागवा. पातळ मोजा घालून उडीच्या पायावर बूट चढवा, पट्टा आवळा आणि वळणावर पाच पावलं पळा. टाच आतल्या आत उचलली, तर अर्धा नंबर कमी करा. रुंद पायांचा विचार मात्र कंपन्या फारसा करत नाहीत. भारताच्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथ्लॉनचं, म्हणजे सात प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेचं, सुवर्ण तिने नेहमीच्या बुटांचा त्रास सोसत जिंकलं, आणि हेप्टॅथ्लॉनमध्ये उंच उडीही असतेच.

हा बूट काय करत नाही, तेही ऐका. उडीचा पाय बारला समांतर पडत असेल, तर घोटा आतल्या बाजूला कोलमडतो. टाचेचे खिळे तो पाय आणखी घट्ट धरून ठेवतात, म्हणजे दुखापत वाढते. पाऊल मॅटच्या, म्हणजे उडीनंतर पडायच्या गादीच्या, पलीकडच्या कोपऱ्याकडे वळायला हवं. आधी ते बसवा, मग खरेदी करा. नव्या बुटात पकड वाढते आणि पावलं लांबतात, त्यामुळे धाव सुरू करायच्या जुन्या खुणांवरून थेट पूर्ण धाव घेऊ नका. पाच पावलांपासून सुरुवात करून धाव नव्याने मोजा.

भालाफेकीच्या बुटालाही टाचेखाली खिळे असतात, म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. तो घोट्यापर्यंत येतो आणि जड असतो. घेऊ नका.

खिळ्यांच्या आट्यांना थोडं व्हॅसलीन लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर ते निघत नाहीत. एखादा पडला, तर भोक उघडं ठेवू नका. वाळू शिरली की आटे गेले. मॅटवरचं जाळीदार आवरण फाटलं असेल, तर खिळा तिथे अडकून गुडघा पिळवटतो, म्हणून आधी मॅट तपासा.

१.४० मीटरच्या आतबाहेर उडणाऱ्या शाळकरी मुलीला हा खर्च नको. वळणावर वेग टिकू लागला आणि उडी १.५५च्या पुढे गेली, की मग घ्या.