छाती कमी करायच्या पावडरीत माझे 21,799 रुपये गेले, घरातल्या पोरांना पण सांगा

हे लिहू का नको करत आठ महिने गेले, कारण विषयच असा आहे की पुरुष माणूस कुणाजवळ बोलत नाही. मी इचलकरंजीचा, सध्या चाकणला कंपनीत आहे, वय 26. नववीत असताना निपलच्या मागं दुखायला लागलं आणि हळूहळू दोन्हीकडं छाती फुगत गेली. पंचगंगेला पोहायला जायचं बंद केलं, पीटीच्या तासाला पोट दुखतंय सांगून बसायचो, पोरं काकू म्हणून चिडवायची. तेव्हापासून आत एक घट्ट बनियन, त्यावर अजून एक, वरून गडद शर्ट, मे महिन्यात सुद्धा. आईनं एकदा विचारलं खांदे पाडून का चालतोस रे, तर ताटावरून उठून गेलो.

मागच्या वर्षी एका रात्री मोबाईलवर यावर उपाय शोधला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळीकडं त्याच जाहिराती दिसायला लागल्या. बिना ऑपरेशन 45 दिवसात छाती सपाट, पार्सलवर काही लिहिलेलं नसेल. ते पार्सलवर काही लिहिलेलं नसेल हे वाचूनच मी फॉर्म भरला, खरं सांगतो. दहा मिनिटात फोन आला आणि पलीकडचा माणूस इतक्या आपुलकीनं बोलला, भाऊ तुझा यात काही दोष नाही म्हणाला, तेव्हा मला रडूच आलं, कारण इतक्या वर्षात हे मी पहिल्यांदा कुणालातरी सांगत होतो. नंतर त्यांचा एक डॉक्टर लाईनवर आला, हार्मोन स्पेशालिस्ट म्हणे. शर्ट काढून समोरून आणि बाजूनं फोटो पाठवा, चेहरा दिसला पाहिजे, फाईलला लागतो. मी पाठवले. पैसे गेले त्याच्यापेक्षा ही चूक मला जास्त महागात पडली.

पहिला डबा 2,499 चा. तपकिरी पावडर आणि कापराचा वास येणारं तेल. डब्यावर लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, कुठं बनवलं ते नाही, आत काय काय घातलंय तेही नाही, नुसता पिळदार छातीच्या माणसाचा फोटो. हे सगळं मला आत्ता दिसतंय, तेव्हा मी दिवसातून दोनदा चमचा मोजून घेत होतो. तिसऱ्या आठवड्यात निपल इतकं दुखायला लागलं की शर्ट घासला तरी कळ यायची. फोन केला तर म्हणाले गाठ वितळतेय म्हणून दुखतंय, आता कोर्स सोडला तर डबल होईल. घाबरून 6,800 भरले. मग हार्मोन साफ करायच्या गोळ्या म्हणून अजून 9,500, ते तर मित्राकडून उसने घेतले.

फरक शून्य. पैसे परत मागितले तेव्हा तोच आपुलकीवाला आवाज पार बदलला. माझाच फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं की 15,000 टाक नाहीतर तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना जाईल. माझी तर पाचावर धारण बसली. 3,000 टाकले पण. दोन रात्री झोप नाही, शेवटी रूमवरच्या दादाला सगळं सांगितलं, त्यानं एक शब्द न बोलता माझा मोबाईल घेतला आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला. सायबरच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, चॅट, फोटोची धमकी, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट सगळं जोडलं, आणि त्याच्यापुढं एक रुपया दिला नाही. ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, तिथं पण नोंद केली.

त्याच दादानं मला सरकारी हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत नेलं. केसपेपर काढला, तास दीड तास लाईन. डॉक्टरांनी आडवं झोपवलं, दोन बोटं दोन बाजूनी निपलकडं हळूहळू दाबत आणली आणि माझं बोट तिथं ठेवून विचारलं, ही चकती लागतेय का, रबरासारखी? ही स्तनाची ग्रंथी. पुरुषात ती अशी वाढली की त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. नुसती चरबी असती तर बोटं निपलपर्यंत काही न लागता आली असती, आणि ती बऱ्याचदा वजन उतरलं की उतरते. एवढं समजायला दोन मिनिटं लागली, आणि ज्यांना मी साडेअठरा हजाराच्या वर दिले त्यांच्यातल्या कुणी मला हात लावून बघितलंच नव्हतं, फोटोवर हे कळतच नाही.

मग त्यांनी अंडकोष तपासले, त्याची गाठ पण कधीकधी कारण असते. दारू, लिव्हर, किडनी, थायरॉईड, जिममधली इंजेक्शनं, चालू गोळ्या सगळं विचारलं. केस गळतीची फिनास्टेराईड, बीपी हार्टसाठी देतात ती स्पायरोनोलॅक्टोन, मानसिक आजारातली रिस्पेरिडोन, यांनी पण छाती वाढू शकते (कुणी घेत असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). रक्तात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोलॅक्टिन वगैरे बघितलं, सगळं नॉर्मल. ती पावडर दाखवली तर म्हणाले यात काय आहे हे मी सांगू शकत नाही, आजच बंद कर. बंद केली आणि महिन्याभरात दुखणं कमी झालं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. वयात येताना मुलांमध्ये हे खूप कॉमन आहे, शरीरात पुरुषी आणि बायकी दोन्ही हार्मोन असतात आणि त्या वयात त्यांचं प्रमाण थोडं हलतं, बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षात आपोआप बसतं. सुरुवातीला दुखत असताना काही जणांना डॉक्टर गोळ्या देतात, पण दोन वर्षं उलटूनही ते बसलं नाही की आतली ग्रंथी घट्ट झालेली असते आणि मग पावडर, तेल, व्यायाम कशानं जात नाही. माझी बारा वर्षं जुनी. ऑपरेशनच करावं लागेल, निपलच्या काळ्या भागाच्या कडेला छोटा छेद देऊन ग्रंथी काढतात, बाजूची चरबी ओढून घेतात, नंतर काही आठवडे दाबाचं जॅकेट. रक्त साठणं, बधिरपणा, खड्डा पडणं असले धोके पण त्यांनी न विचारता सांगितले. मेडिक्लेमवाले बऱ्याचदा कॉस्मेटिक म्हणून नाकारतात, ते आधी लेखी विचारून घ्या. आणि एकाच बाजूला कडक गाठ, निपलमधून रक्त, कातडी आत ओढलेली, असं काही असेल तर एक दिवस पण थांबू नका, पुरुषांना पण स्तनाचा कॅन्सर होतो, कमी होतो पण होतो.

महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या ॲलोपॅथी डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर शोधता येतं. मी नंतर शोधलं, त्या स्पेशालिस्टनं सांगितलेलं नाव तिथं नव्हतं.

पैसे अजून आलेले नाहीत. फोटो कुठं आला नाही अजून, पण अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा येतो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा चुलत भाऊ, 14 वर्षांचा, उकाड्यात जाड टीशर्ट घालून खांदे पाडून बसलेला. त्याला गच्चीवर नेलं आणि माझं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकीला घेऊन डॉक्टरकडं गेलो, त्यांनी तपासलं, म्हणाले काही द्यायचं नाही, सहा महिन्यानी परत दाखवा.