पेजमेकरची जुनी फाईल उघडायला गेलो आणि 22,857 रुपये घालवून बसलो

सांगलीकरांनो, हसा पाहिजे तर, पण वाचा. अण्णांचं पुस्तक 2003 ला गणपती पेठेत डीटीपी करून छापलं होतं, 96 पानं. प्रेसवाल्याचा कॉम्प्युटर 2005 च्या पुरात गेला, आमच्याकडच्या प्रती 2019 च्या पुरात लगदा झाल्या, राहिली ती फक्त माळ्यावरची सीडी. अण्णांना ऐंशी पूर्ण होतायत म्हणून परत छापावं म्हटलं. सीडीत निघाली पीएमडी फाईल, म्हणजे पुस्तकाची पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, पेजमेकर 7 ची. ते सॉफ्टवेअर 2001 चं, त्यानंतर नवीन व्हर्जनच आलं नाही, आणि त्याच कामाच्या आताच्या इनडिझाईनलाही ती फाईल उघडत नाही. चार डीटीपीवाल्यांनी हात वर केले, मग गूगल केलं आणि सगळ्यात वर जी 'फ्री कन्व्हर्टर' साईट आली (वर बारीक अक्षरात जाहिरात लिहिलं होतं, ते आता दिसतंय) तिथं फाईल टाकली.

आता चीड आणणारी गोष्ट ऐका. 38 एमबीची फाईल, आमच्या नेटवर नुसती अपलोड व्हायला दहा मिनिटं लागतात, ती यांनी अर्ध्या मिनिटात कन्व्हर्ट पण केली आणि पुसट केलेलं एक पान दाखवलं. त्या पानावर शिरोरेषा नव्हती हो! मराठी कितीही पुसट करा, शब्दावरची रेघ दिसतेच. मला ते दिसलं, खरंच दिसलं, आणि मी काय म्हटलं, त्यांच्याकडं श्रीलिपी हा जुना मराठी फॉन्ट नसेल म्हणून इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल. फॉन्ट नसला की तसं दिसतंच, त्यामुळं मी अगदीच येडा नव्हतो. पण अक्कल होती म्हणूनच फसलो, दुसरं काय.

डाउनलोडला 499 भरले. आली 4 केबीची फाईल, 96 पानांचं पुस्तक 4 केबीत! तिथंच थांबायचं ना? चॅटवर म्हणाले फॉन्ट लायसन्स लागेल, 2,000 अधिक जीएसटी, म्हणजे 2,360. जीएसटी बघून मला वाटलं कंपनी खरी आहे. मग काहीच होईना तेव्हा 'रिफंड'साठी फोन आला, स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावलं, माझ्या स्क्रीनवरचा ओटीपी त्यांना दिसला, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. 19,998 गेले. रिफंडसाठी कोणी ॲप टाका म्हणलं की फोन आपटायचा, बास.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, त्या नंबराचं पुढं काय करायचं ते कोणी सांगेना. बँकेत गेलो तर साहेब मान वर न करता म्हणतात, "ओटीपी तुमच्याच फोनवर आला ना?" आला हो, पण खातं गोठवायला मी त्याच संध्याकाळी फोन केला होता, पाऊण तास ती ट्यून ऐकत बसलो, त्याचं काय? (तक्रार केल्याची वेळ लेखी घ्या, मी घेतली नाही.) पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा, सायबरला म्हणाले आधी ठाण्यात जा, दोन दिवस दुकान बंद ठेवून मी नुसता शटलकॉकसारखा फिरलोय. शेवटी हवालदारांनी लिहून घेतलं ते काय, तर "पीडीएफ चोरीस गेली." साहेब, पीएमडी. आणि चोरीला फाईल नाही, पैसे गेलेत. तर म्हणे एकच आहे. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर अजून 'प्रक्रियेत' दिसतंय.

आणि वर मीठ म्हणजे लिबरऑफिस फुकट आहे आणि त्यातल्या ड्रॉ नावाच्या प्रोग्रॅममध्ये पेजमेकरच्या फाईली उघडतात, कोरलड्रॉच्या सीडीआर फाईली पण. मराठी दिसायला जुना फॉन्ट तेवढा टाकावा लागतो. नेटवर काही अपलोड करायची गरजच नव्हती. घरातले कागद असल्या साईटवर टाकताच कशाला राव?

शेवटी मिरजेत एका डीटीपीवाल्याकडं विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर, नुसता डबा, निघाला, आत पेजमेकर जिवंत, फॉन्टसकट. पंधरा मिनिटांत पीडीएफ, 300 रुपये, वर चहा त्यानंच पाजला.

अण्णांनी विचारलं किती गेले, मी म्हटलं तीनशे. ओळखीचं कोणी वाचत असेल तर घरी येऊन बोलू नका.