ख्रिस स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’: अनेक महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन कंट्री (ग्रामीण अमेरिकेतून आलेलं संगीत) गायक ख्रिस स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’ हा अल्बम घ्यायला लावतं ते त्यातलं ‘टेनेसी व्हिस्की’ हे गाणं, आणि सगळ्यांत आधी कंटाळा येतो तोही त्याचाच. गाणं वाईट आहे म्हणून नव्हे. कॅफेत, रील्समध्ये, गिटारच्या क्लासात ते इतकं वाजतं की घरी लावावंसंच वाटेनासं होतं. या अल्बमचा खरा कस लागतो तो त्यानंतर. पहिल्या फेरीत पुढे ढकललेली गाणी काही महिन्यांनी परत परत लावली जातात का? इथे लावली जातात, आणि त्याची कारणं ध्वनिमुद्रणात आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. अल्बम 5 मे 2015 रोजी मर्क्युरी नॅशव्हिलने काढला. पदार्पणाचा म्हटला तरी गायक नवखा नव्हता. केंटकीत वाढलेला स्टेपलटन 2001 पासून नॅशव्हिलमध्ये इतरांसाठी गाणी लिहीत होता: केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट, ल्यूक ब्रायन, जॉश टर्नर. मधल्या काळात ‘द स्टीलड्रायव्हर्स’ या ब्लूग्रास (बँजो, मॅन्डोलिन, फिडलवर चालणारं कंट्रीचं रूप) बँडचा तो गायक होता. 2013 मध्ये त्याचं पहिलं एकल गाणं रेडिओवर फारसं चाललं नाही. त्याच वर्षी वडील गेले. मग बायको मॉर्गेन हिने 1979 ची जुनी जीप चेरोकी घेतली आणि दोघं फिनिक्सहून नॅशव्हिलपर्यंत ती चालवत आले. अल्बमचं शीर्षकगीत त्या प्रवासातलं आहे.

यशही लगेच आलं नाही. पहिल्या आठवड्यात अल्बम बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत 14 व्या क्रमांकावर आला आणि लवकरच खाली सरकला. 4 नोव्हेंबर 2015 च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) सोहळ्यात त्याला तीन पुरस्कार मिळाले आणि पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर तो गायला. त्यानंतर अल्बम यादीत परतला तो थेट पहिल्या क्रमांकावर. पुढच्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमीही आलं.

आता मुख्य मुद्दा, ध्वनी. बहुतेक मुद्रण नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये झालं. साठच्या दशकात बांधलेली ही प्रशस्त खोली 2014 मध्ये पाडली जाता जाता वाचली. निर्माता डेव्ह कॉबने बँडला एकत्र बसवून वाजवून घेतलं. ताफा छोटा: बासवर जे. टी. क्युअर, ड्रमवर डेरेक मिक्सन, पेडल स्टीलवर (सूर सरकवत वाजवायची आडवी गिटार) रॉबी टर्नर, हार्मोनिकावर मिकी राफेल, कीबोर्डवर माइक वेब आणि दुसऱ्या आवाजात मॉर्गेन. टर्नर वेलन जेनिंग्सबरोबर वाजवायचा, राफेल विली नेल्सनचा जुना साथीदार; म्हणजे सत्तरच्या दशकातल्या ‘आउटलॉ’, म्हणजे नॅशव्हिलचा ठरीव साचा झुगारणाऱ्या, कंट्रीचा धागा नुसत्या नक्कलेतून आलेला नाही. त्या वेळी रेडिओवरच्या कंट्रीत गिटारांचे थरावर थर आणि ड्रम मशीन असायची. इथे दोन वाद्यांमधली मोकळी जागा ऐकू येते, आणि स्टेपलटनचा खरखरीत आवाज त्या जागेत घुमतो.

ही मोकळी जागा फोनच्या स्पीकरवर मरते. बास जवळजवळ गायबच होतो, आणि गायक वरच्या पट्टीत गेला की नुसता कर्कश भाग कानावर आदळतो. ‘फायर अवे’चं ध्रुवपद आणि शेवटचं ‘समटाइम्स आय क्राय’ यांत हे फार जाणवतं. एकाच पेटीच्या ब्लूटूथ स्पीकरवर डावं-उजवं एकत्र होतं आणि पेडल स्टील गिटारांमागे दडतं. साधे पण बऱ्यापैकी वायर्ड हेडफोन किंवा दोन स्पीकर असले तरी पुरतं. इक्वलायझर सपाट ठेवा. आवाज फारच टोचत असेल तर 3 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन डेसिबल कमी करा, त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर शब्द बुजतात. ‘बास बूस्ट’ तर बंदच बरा. क्युअरचा बास आधीच भरदार आहे, तो फुगला की ड्रमचा ठोका मऊ पडतो.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांसाठी दोन सेटिंग महत्त्वाच्या. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणारी सोय) शून्यावर ठेवा. ‘व्हिस्की अँड यू’ संपताना गिटार विरत जाते, तिच्यावर पुढच्या गाण्याचे ड्रम चढले की सगळं गेलं. दुसरी गोष्ट शफलची. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने लावला तर गाण्यांमधला आवाजाचा मूळ फरक टिकतो. प्लेलिस्ट किंवा शफलमध्ये प्रत्येक गाणं वेगळं मोजून एका पातळीला आणलं जातं. मग फक्त आवाज आणि एक गिटार असलेलं ‘व्हिस्की अँड यू’ पूर्ण बँडइतकंच मोठं वाजतं, आणि चौथ्या ‘पॅराशूट’च्या धडाक्यानंतर अचानक पोकळी जाणवावी हा क्रमाचा हेतूच हरवतो. अल्बममधली सर्वांत चांगली जागा माझ्या मते हीच, चौथ्यावरून पाचव्यावर जाण्याची.

‘टेनेसी व्हिस्की’बद्दल एक गैरसमज सारखा दिसतो. हे गाणं स्टेपलटनचं नाही. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांनी ते लिहिलं. डेव्हिड ॲलन को आणि मग 1983 मध्ये जॉर्ज जोन्स यांनी ते आधी गायलं. जोन्सचं ऐकलं की कळतं स्टेपलटनने काय केलं ते. चाल संथ केली, सोल संगीताच्या वळणावर नेली आणि जवळजवळ सगळं गाणं दोन कॉर्डवर बसवलं. अल्बममधलं दुसरं परकं गाणं ‘वॉज इट 26’, डॉन सॅम्पसनचं. बाकी बारा गाण्यांच्या लेखनात स्टेपलटन स्वतः आहे.

गिटार शिकणाऱ्यांची गाडी ‘टेनेसी व्हिस्की’वरच अडते, म्हणून थोडं सविस्तर. मूळ सूर ए मेजर, दुसरी कॉर्ड बी मायनर. बी मायनरचा बार (एका आडव्या बोटाने अनेक तारा दाबणं) नीट दाबला जात नाही आणि तारा खरखरतात. त्यावर उपाय असा: दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावा आणि जी व ए मायनरचे आकार धरा, सूर तोच राहतो. कॅपो फ्रेटच्या अगदी लगत हवा आणि लावल्यावर पुन्हा ट्यूनिंग तपासायला हवं, कारण दाब जास्त झाला की तारा चढतात. गाणं गळ्याला उंच पडत असेल तर कॅपो काढून टाका. त्याच आकारांत ते पूर्ण एक स्वर खाली येतं.

लय सहा मात्रांची आहे, सहाच्या आवर्तनात दोन ठोके, मिनिटाला पन्नासच्या आसपास. दादऱ्याची सवय असलेला कान इथे हमखास फसतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘खाली’ (हलकी, बिनटाळीची मात्रा) असते, इथे नेमका तिथेच स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) जड ठोका पडतो. पहिल्यावर जोर दिला की गाणं झुलायचं थांबतं आणि पळू लागतं. गाताना होणारी चूक वेगळी. स्टेपलटन हरकती घेतो त्या बहुतेक ओळीच्या शेवटी, शब्द पोचवून झाल्यावर, स्वरावर. हौशी गायक प्रत्येक शब्दावर मुरकी घालतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत श्वास संपतो.

टिकलेल्या गाण्यांत ‘नोबडी टू ब्लेम’ वरचं. चिडलेल्या बायकोने काय काय मोडलं-जाळलं याची यादीच आहे, आणि दोष माझाच म्हणणारा नवरा. या अल्बममधला विनोद मुख्यतः इथेच सापडतो. ‘मोअर ऑफ यू’मध्ये मॅन्डोलिन आणि मॉर्गेनचा आवाज ऐकावा. ती सुरात सूर मिसळून मागे राहत नाही, नवऱ्याच्या आवाजाला कडा देते. ‘डॅडी डझन्ट प्रे एनीमोअर’ पहिल्यांदा संथ वाटतं. शब्द समजले की त्यापेक्षा वेगाने ते चालूच शकत नाही हे पटतं. टर्नरची मींड मन लावून ऐकायची तर शीर्षकगीत घ्या.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. 14 गाणी, 63 मिनिटं हे जास्तच. ‘व्हेन द स्टार्स कम आउट’ चांगलं मुद्रित झालेलं पण सपक आहे, आणि ते आठव्या क्रमांकावर, नेमकं गती हवी तिथे आलं आहे. दारूचे संदर्भ इतके की एका बैठकीत ऐकताना ‘माइट ॲज वेल गेट स्टोन्ड’पर्यंत विषय थकतो. ‘आउटलॉ स्टेट ऑफ माइंड’ एकाच रिफवर (परत परत वाजणारा छोटा तुकडा) घोळत साडेपाच मिनिटांच्या वर जातं. गाडीत छान, घरी लांबट. अल्बम दोन बैठकींत ऐकावा, पहिली सात आणि नंतरची सात.

एलपी घ्यायची तर ती दोन तबकड्यांची आहे, म्हणजे एका बाजूला सरासरी सोळा मिनिटं. खाचांना पुरेशी जागा मिळते, बास दबत नाही. मात्र तबकडीचं भोक किंचित जरी मध्यापासून सरकलेलं असलं तर पेडल स्टीलचे लांब स्वर दर फेरीला लाटेसारखे वर-खाली होतात. ड्रम-बासवर हे लक्षात येत नाही, स्टीलवर लगेच येतं. त्यामुळे तबकडी हाती आली की आधी शीर्षकगीत लावा आणि टोनआर्म डावी-उजवीकडे डुलतो का ते पाहा. डुलत असेल तर बदलून मागण्याची मुदत संपायच्या आत परत करा. टर्नटेबल नसेल तर सीडी पुरते. एकाच तबकडीवर सगळा अल्बम मावतो आणि हा घोळ उरत नाही.