वाटाणा प्रोटीन पावडर: पोटातल्या जिवाणूंच्या हिशेबाने

बिनचवीची वाटाणा आयसोलेट (वाटाण्यातून वेगळं काढलेलं प्रथिन) पावडर, ३० ग्रॅमच्या चमच्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिने. पोट भरल्यासारखं वाटतं, मधलं खाणं कमी होतं. वजन उतरवणाऱ्याला खरा फायदा हाच. शिवाय प्रथिने पचवायलाच त्यातल्या २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते.

पण वाटाण्याचा गुण पावडरीत पूर्ण उतरत नाही, हे नीट समजून घ्या. आयसोलेट करताना तंतू आणि स्टार्च बाजूला काढतात. लहान आतड्यात न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात गेली, की जिवाणू ती कुजवतात: त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, पी-क्रेसॉल असे पदार्थ बनतात. वासाचा गॅस येतो तो यामुळेच. तंतू सोबत असले तर जिवाणू आधी त्यांच्याकडे वळतात आणि ब्युटिरेट तयार होतं, ते आतड्याच्या अस्तराचं खाद्य. म्हणून पावडर नुसत्या पाण्यात घेऊ नका, ओट्स किंवा फळासोबत घ्या.

आधी २५० मिली पाणी, मग पावडर; उलट केलं तर तळाशी गुठळ्या बसतात. तरी घोटाला थोडी खरखर लागतेच, मातकट चवही. पहिला आठवडा अर्धाच चमचा. चवीच्या डब्यात माल्टिटॉल (साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ) किंवा इन्युलिन (वरून घातलेला तंतू) असेल तर फुगणाऱ्या पोटाचा दोष वाटाण्यावर टाकू नका. वाटाण्यात मेथिओनीन (शरीराला लागणारं एक अमिनो आम्ल) कमी असल्याने दिवसात कुठलं तरी धान्य हवंच.

व्हे कॉन्सन्ट्रेटमधलं (दुधापासूनच्या प्रोटीन पावडरीतलं) लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, सोसत नसेल त्यांनी ही जरूर घ्यावी. अख्खी कडधान्यं रोज पचत असतील तर मात्र डब्याची गरज नाही.